मीटरच्या पडद्यावरची अक्षरं

ब्रिटिश पोस्ट ऑफिसातल्या डोनाल्ड मॅकॅडी या इंजिनिअरला लायनी तपासायला जाताना प्रत्येक मापासाठी वेगळं यंत्र वागवावं लागे. त्या ओझ्याला कंटाळून त्याने अँपिअर, व्होल्ट आणि ओम अशी तिन्ही मापं एकाच पेटीत बसवली. १९२३ मध्ये हे यंत्र बाजारात आलं, ते तिन्हींची आद्याक्षरं जोडून केलेल्या 'ॲव्हो' या नावाने. अक्षरांच्या मागे माणसं होती: फ्रान्सचा अँपिअर, इटलीचा व्होल्टा, जर्मनीचा ओम. १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत परिषदेने ही एककं मान्य केलेली होतीच.

ॲव्होच्या तबकडीवर हवं ते छापायला ऐसपैस जागा होती. डिजिटल मीटर आले आणि अडचण झाली.

तिथे प्रत्येक अंक सात पट्ट्यांनी बनतो. आठ काढायचा तर सातही पेटतात, एकासाठी दोनच. एवढ्या सामग्रीत 'के', 'एम', 'एक्स' धड उमटत नाहीत. 'ओ' मात्र फुकटात मिळतो, कारण शून्य तयारच असतं. 'एल'ला तीन पट्ट्या पुरतात. म्हणून माप आवाक्याबाहेर गेलं की पडद्यावर 'ओएल' येतं, म्हणजे ओव्हरलोड. नाव ऐकून घाबरायला होतं, पण मीटर ओमवर ठेवून दोन्ही प्रोब नुसते मोकळे सोडले तरी हेच दिसतं. मध्ये हवा आहे, तिचा रोध मोजणार कसा? नवशिका मात्र मीटर गेला म्हणून मोकळा होतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारे स्वस्त पिवळे मीटर तेवढंही बोलत नाहीत. डावीकडे नुसता '१', बाकी कोरं. हे मीटर 'साडेतीन अंकी': पहिल्या घरात एक किंवा रिकामी जागा, एवढंच शक्य. त्यामुळे आकडा १९९९ च्या पुढे जात नाही, आणि गेलाच तर तो एकटा एक.

'टीआरएमएस', म्हणजे ट्रू आरएमएस (लाट कुठल्याही आकाराची असो, तिचं खरं परिणामी मूल्य), ही चार अक्षरं काही मीटरच्या पडद्यावर किंवा अंगावर छापलेली असतात, आणि किमतीतला फरक बऱ्याचदा त्यांचाच असतो. साधा मीटर एसीची सरासरी काढतो आणि लाट साइन आकाराची आहे असं गृहीत धरून आकडा दाखवतो. महावितरणच्या विजेवर ते चालून जातं. लोडशेडिंगमध्ये स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देऊ लागला की तोच मीटर सुमारे ११ टक्के जास्त दाखवतो. म्हणजे २२० व्होल्टच्या जागी जवळजवळ २४४. इन्व्हर्टरवाल्याशी भांडण्याआधी ही चार अक्षरं आपल्या मीटरवर आहेत का, ते बघून घ्यावं.