लोणच्याचा आंबटपणा मोजणारी शास्त्रज्ञ

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी पिशवीतून गोळ्यांचं अर्धं पाकीट काढलं आणि शेजारणीला दिलं. "मला लागू पडल्या, तूही घे." गोळीचं नाव होतं को-ट्रायमोक्साझोल. घरी येऊन मी तिचा इतिहास वाचला. त्यात मला एक बाई भेटली. आज तिची गोष्ट.

गर्ट्रूड एलियन. जन्म १९१८, अमेरिकेतलं न्यूयॉर्क. ती पंधरा वर्षांची असताना तिचे आजोबा पोटाच्या कर्करोगाने गेले. तेव्हाच तिने ठरवलं, रोगांवर औषध शोधायचं. १९३७ मध्ये ती रसायनशास्त्राची पदवीधर झाली, पण प्रयोगशाळेत बाईला कोण घेणार? तुम्ही आलात तर पुरुषांचं कामातलं लक्ष उडेल, असंही तिला ऐकवलं गेलं. तिने शाळेत शिकवलं आणि उरलेल्या वेळात एम.एस्सी. पूर्ण केलं. १९४१ मध्ये, ज्याच्याशी तिचं लग्न व्हायचं होतं तो तरुण हृदयाला झालेल्या जंतुसंसर्गाने गेला. पेनिसिलिन तेव्हा सामान्य रुग्णांपर्यंत पोचलं नव्हतं. तिने पुढे लग्न केलं नाही.

महायुद्धामुळे पुरुष सैन्यात गेले, तेव्हा बायकांसाठी दारं थोडी उघडली. तिला काम मिळालं ते खाद्यपदार्थांच्या कंपनीत, लोणच्याचा आंबटपणा तपासायचं! आपण घरी जिभेने बघतो, ती ते मोजून बघायची. शेवटी १९४४ मध्ये ती बरोज वेलकम या औषध कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली रुजू झाली.

त्यांचा विचार असा होता. प्रत्येक जिवाच्या शरीरात विकरं असतात, म्हणजे एन्झाइम. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो ना? ते लाळेतल्या विकराचं काम. जंतूंनाही वाढायला विकरं लागतात. विकर म्हणजे कुलूप समजा, त्यात ठरावीक किल्लीच बसते. आपण तशीच दिसणारी खोटी किल्ली आत अडकवली तर? कुलूप जाम, जंतूची वाढ बंद.

पण आपल्या शरीरातही विकरं आहेत. मग औषधाने जंतूचंच काम कसं थांबवायचं? फॉलिक आम्लाचं उदाहरण घ्या. गरोदरपणात आपल्याला त्याच्या गोळ्या देतात. आपल्याला ते पालेभाज्या-डाळींतून मिळतं, पण बरेच जंतू ते स्वतःच तयार करतात. १९३० च्या दशकात आलेली सल्फा औषधं जंतूचं हेच काम अडवतात. हिचिंग्ज-एलियन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं ट्रायमेथोप्रिम त्याच वाटेवरची पुढची पायरी अडवतं. त्या पायरीचं विकर आपल्यातही असतं, पण त्याची घडण वेगळी. ते अडवायला हे औषध हजारो पटींनी जास्त लागेल. सल्फा आणि ट्रायमेथोप्रिम एकत्र केलं, तीच आपली को-ट्रायमोक्साझोल. एकाच वाटेवर दोन ठिकाणी नाकाबंदी.

याच पद्धतीने पुढे रक्ताचा कर्करोग, हिवताप आणि नागीण यांच्यावरही औषधं निघाली. १९८८ मध्ये हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत एलियन यांना नोबेल मिळालं. नोकरी सांभाळून सुरू केलेली पीएच.डी. त्यांना अर्ध्यावर सोडावी लागली होती.

आता त्या अर्ध्या पाकिटाकडे येऊ. जंतूही स्वस्थ बसत नाहीत. काही जंतूंच्या कुलपाची घडण बदलते, मग खोटी किल्ली बसत नाही. आपण गरज नसताना किंवा मनाने गोळ्या घेतो, तेव्हा साधे जंतू मरतात आणि कुलूप बदललेले मागे उरून वाढतात. आज अनेक जंतूंवर ही गोळी चालेनाशी झाली आहे. शिवाय सल्फाची काहींना गंभीर ॲलर्जी असते. एकीला लागू पडलेलं औषध दुसरीला अपाय करू शकतं.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. ताई म्हणाल्या, "अगं, मी चांगल्या मनानेच दिलं होतं." खरंच होतं ते. पण मैत्रिणींनो, लोणचं वाटून खाऊ, गोळ्या नको. डॉक्टरांनी दिल्या तरच घ्यायच्या, सांगितले तितके दिवस घ्यायच्या. औषध नव्हतं म्हणून एलियनबाईंचा माणूस गेला. आपल्याकडे औषध आहे, ते निकामी होऊ द्यायचं नाही.