धुरेपासून हुकापर्यंत



आज इतिहास सांगायचा आहे, पण राजांचा किंवा लढायांचा नाही. हा इतिहास शेतकऱ्याच्या गाडीचा आहे. माणसं पुढे, माल मागे आणि वेळ पडली तर मागे जोडलेलं गाडं ओढून नेणारी, अशी जी लहान गाडी असते, जिला आपण पिकअप म्हणतो, तिची ही गोष्ट.

कुणी म्हणेल, गाडी हा काय बायकांचा विषय आहे? मग मला सांगा, दुधाचे कॅन गाडीत चढवतं कोण? कडब्याच्या पेंढ्या रचतं कोण? बाजाराच्या दिवशी भाजीच्या क्रेटांवर बसून जातं कोण? आणि हप्ता चुकू नये म्हणून घरखर्चाला कात्री लावतं कोण? गाडी घेताना मात्र आपल्याला फक्त हळदकुंकू लावायला बोलावतात. म्हणून ही गोष्ट नीट ऐका.

सुरुवात बैलगाडीपासून करू. गाडी भरायची कशी, हे आपल्या आजी-पणजीला चांगलं ठाऊक होतं. मागे जास्त वजन पडलं तर गाडी उलाळ व्हायची, म्हणजे धुरा वर उचलली जायची आणि जू बैलांच्या गळ्याला लागायचं. पुढे जास्त वजन पडलं तर गाडी धुरेला जड व्हायची आणि बैलांची मान मोडायची. म्हणून पोती अशी रचायची की बहुतेक भार चाकांच्या आसावर यावा आणि थोडासाच जुवावर पडावा. हा ‘थोडासा’ लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडेच परत येणार आहोत.

आता जाऊ अमेरिकेत. तिथं १९०८ साली हेन्री फोर्ड यांच्या कंपनीनं मॉडेल टी नावाची मोटार काढली. ती माणसांनी बसायची गाडी होती, पण शेतकऱ्यांनी तिला कामाला जुंपलं. मागचा भाग काढून टाकायचा, तिथं लाकडी पेटी बसवायची आणि धान्य, कोंबड्या, दुधाची भांडी बाजारात न्यायची. काहींनी मागचं चाक उचलून त्यावर पट्टा चढवला आणि लाकूड कापायची करवत, पाण्याचा पंप, अगदी कपडे धुण्याचं यंत्रसुद्धा त्यावर चालवलं. शेतकरी काय करतो आहे हे बघून कंपनीला शहाणपण आलं. १९२५ साली फोर्डनं मागे मालाची पेटी बसवलेली मॉडेल टी कारखान्यातूनच विकायला काढली. किंमत होती २८१ डॉलर. कारखान्यात तयार झालेली पहिली पिकअप म्हणून तिचं नाव घेतात.

यापुढची गोष्ट तर खास आपलीच आहे. ती ऑस्ट्रेलियात घडली. १९३०च्या सुमाराला तिथं मंदीचे दिवस होते. व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं, असं तिथं सांगतात. तिचं म्हणणं साधं होतं. आम्हाला दोन गाड्या परवडत नाहीत. रविवारी पावसात न भिजता चर्चला जाता येईल आणि सोमवारी त्याच गाडीतून डुकरं बाजारात नेता येतील, अशी एकच गाडी करून द्या.

हे पत्र गीलाँग इथल्या कारखान्यात पोचलं. तिथं लुईस बँड्ट नावाचा तरुण आरेखक होता. त्यानं पुढे मोटारीसारखी बंद केबिन आणि मागे तिलाच जोडलेला उघडा हौदा अशी गाडी आखली. १९३४ साली ती बाजारात आली. तिचं नाव कूपे युटिलिटी, आणि आज ऑस्ट्रेलियात अशा गाडीला लाडानं ‘यूट’ म्हणतात. पुढे तो अख्ख्या देशाचा अभिमान झाला. आरेखकाचं नाव इतिहासात राहिलं. पत्र लिहिणारीचं नाव मात्र कुणी जपून ठेवलं नाही. आपल्या सातबाऱ्यावरही किती जणींचं असंच झालं आहे, हे वेगळं सांगायला नको.

त्यानंतर दुसरं महायुद्ध झालं. त्यात विलीज कंपनीच्या जीपगाड्या तोफा आणि सामानाची गाडी ओढत डोंगर-चिखलातून फिरल्या. युद्ध संपत आलं, तेव्हा आता या गाड्या विकायच्या कुणाला, असा प्रश्न उभा राहिला. १९४५ साली कंपनीनं जीपचा नागरी अवतार काढला आणि तो थेट शेतकऱ्यापुढे ठेवला. मागे उघडणारी फळी, अवजार किंवा ट्रेलर जोडायची सोय, आणि हवी असल्यास यंत्र फिरवायला इंजिनाची ताकद बाहेर घेण्याचीही सोय. नांगरटीत ट्रॅक्टरची बरोबरी तिला काही साधली नाही. पण ओढायच्या कामात आणि कच्च्या वाटेवर ती टिकली. याच जीपची जुळणी स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीनं मुंबईत सुरू केली. आज आपल्या घाटरस्त्यांवर भाजी आणि दूध घेऊन धावणारी महिंद्रची पिकअप त्याच कारखानदारीची पुढची पिढी म्हणायची.

आपल्याकडची दुसरी शाखा आणखी मजेची आहे. आपण कुठल्याही लहान मालगाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो. हा शब्द आला जर्मनीतून. हँबुर्गच्या व्हिडाल कंपनीच्या गाड्यांचं नाव टेम्पो. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली त्यांच्याशी सहकार्य करून बजाज टेम्पो ही कंपनी सुरू केली आणि तीनचाकी टेम्पो आपल्या रस्त्यांवर आला. १९६९ साली मॅटॅडोर आली. गाड्या बदलल्या, कंपनीचं नावही बदललं, पण आपल्या बोलण्यात टेम्पो तो टेम्पोच राहिला.

पुढे टाटांची ४०७ आली ती १९८६ साली, आणि दोनच वर्षांनी त्यांची टाटामोबाइल ही पिकअप आली. मग २००५ साली एस आली. दोन सिलिंडरचं लहानसं इंजिन आणि पाऊण टन माल नेण्याची ताकद. लोकांनी तिचं बारसं केलं ‘छोटा हत्ती’. ज्याला मोठा ट्रक परवडत नव्हता आणि तीनचाकी पुरत नव्हती, त्याच्यासाठी ती होती. बघा, मॉडेल टीपासून छोट्या हत्तीपर्यंत एकच धागा आहे. लहान शेतकऱ्याला दोन गाड्या परवडत नाहीत. एकाच गाडीनं सगळं करायला हवं.

आणि धोकाही नेमका इथंच आहे. एकाच गाडीनं सगळं करायला लावताना आपण तिच्याकडून न झेपणारं काम करून घेतो. हौद्यात पोती, पोत्यांवर माणसं, आणि वर मागे पाण्याची टाकी किंवा चाऱ्याचं गाडं जोडलेलं. अपघाताची बातमी आली की त्या माणसांत बायका आणि पोरं जास्त असतात. म्हणून निवड करताना काय बघायचं, ते या इतिहासातूनच शिकू.

पहिली गोष्ट, गाडी किती भार घेते. नोंदणीच्या कागदावर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन अशी दोन्ही लिहिलेली असतात. मोठ्यातून लहान वजा करा. उरलं तेवढंच गाडीत घालायचं. त्यात चालक आला, आपण आलो आणि मागच्या गाड्याचा हुकावर पडणारा भारही आला.

दुसरी गोष्ट तोच बैलगाडीचा ‘थोडासा’. आज इंजिनिअर सांगतात की ओढायच्या गाड्याच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर यावा. भरलेलं गाडं ६०० किलोचं असेल, तर हुकावर ६० किलो. कमी पडला तर गाडं मागून डोलायला लागतं. जास्त पडला तर पिकअपचे मागचे पाटे दबतात, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. उलाळ गाडी आणि धुरेला जड गाडी, तीच ही दोन दुखणी.

तिसरी गोष्ट, हूक कशाला जोडला आहे. तो चासीला पक्का हवा. बंपरला वेल्डिंग करून लावलेला हूक म्हणजे घोंगड्याला बांधलेला बैल. कंपनीच्या पुस्तिकेत ही गाडी किती वजन ओढू शकते ते दिलं आहे का, हे विक्रेत्याला विचारा. दिलेलं नसेल, तर ती गाडी ओढायच्या कामाला घेऊ नका.

चौथी गोष्ट ब्रेकची. बैल थांबले की गाडी थांबते, पण उतारावर बिनब्रेकचं गाडं पिकअपला मागून ढकलत राहतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. गाडी ओढते किती, हे सगळे विचारतात. थांबते कशी, हे आपण विचारू या.

पाचवी गोष्ट कागदाची. आपल्या मोटार कायद्यात ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच धरलेला आहे. त्याची नोंदणी आणि विमा बघा, नाहीतर अपघातानंतर भरपाईसाठी हेलपाटे पडतात. आणि एक चांगली बातमी. हलकं मोटार वाहन चालवायचा परवाना असेल, तर एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेली मालवाहू गाडी त्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२४च्या नोव्हेंबरमध्ये कायम केलं. म्हणजे आपल्यापैकी जिच्याकडे चारचाकीचा परवाना आहे, ती पिकअपही चालवू शकते. जिच्याकडे नाही, तिनं तो काढायला काय हरकत आहे?

गाडीचं कर्ज काढताना बँकेत सहकर्जदार म्हणून पुष्कळदा आपलीच सही घेतात. फेडायची जबाबदारी जर आपलीही आहे, तर नोंदणीच्या कागदावर आपलं नाव का नको? सही करण्याआधी हे घरात बोला, भांडून नाही, हिशोब मांडून. आपल्या शेताला आठवड्यातून किती खेपा लागतात, किती किलो न्यायचं असतं, मागे गाडं महिन्यातून किती वेळा जोडावं लागतं, हे एका वहीत महिनाभर लिहून काढा. गाडं महिन्यातून दोनदाच लागत असेल, तर त्यासाठी मोठी पिकअप घेण्यापेक्षा शेजारचा ट्रॅक्टर भाड्यानं आणणं स्वस्त पडेल. रोज लागत असेल, तर छोट्या हत्तीवर ओझं लादण्यापेक्षा दणकट गाडी घेणंच शहाणपणाचं.

ती ऑस्ट्रेलियातली बाई इंजिनिअर नव्हती. तिला फक्त आपल्या घराची गरज नेमकी ठाऊक होती आणि ती तिनं कागदावर उतरवली. ती वही आजच घ्या, पहिल्या पानावर तारीख घाला आणि उद्याची पहिली खेप लिहा.