पहिली आज्ञा कोण देणार?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सकाळी कचेरीत पोहोचल्यावर आपण संगणकाचे बटण दाबतो, पिशवीतला डबा खणात ठेवतो, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला 'काय, बरे आहे ना?' म्हणतो, तोवर पडदा उजळलेला असतो. या मिनिटभरात आत काय झाले, याचा विचार करण्याचे आपल्याला कारण नसते. पण त्या मिनिटात एक चांगलाच पेच सुटलेला असतो. संगणक प्रत्येक काम आज्ञावलीप्रमाणे करतो. आज्ञावली स्मृतीत असेल तरच ती चालते. तिला स्मृतीत आणून ठेवणे हेही एक कामच, म्हणजे त्यालाही आज्ञावली हवी. आणि बटण दाबण्याच्या क्षणी स्मृती तर कोरी असते. मग पहिली आज्ञा येते कुठून?

आपल्याकडच्या तर्कशास्त्रात एक जुना दाखला आहे. नट कसरतीत कितीही तरबेज असला तरी त्याला स्वतःच्याच खांद्यावर चढता येत नाही. याच अशक्य गोष्टीसाठी अमेरिकेत निराळी उपमा होती. उंच बुटाला मागे एक चामडी पट्टा असतो, त्याला म्हणतात बूटस्ट्रॅप. तो धरून स्वतःलाच वर उचलायचे! संगणक 'बूट' करणे हा शब्द या पट्ट्यावरून आला. पादत्राणांशी त्याचा संबंध एवढाच.

सुरुवातीला हा पेच माणसाच्या बोटांनी सोडवला. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी एका लहानशा प्रायोगिक यंत्राने आपल्याच स्मृतीत साठवलेली आज्ञावली प्रथम चालवून दाखवली. टॉम किलबर्न यांनी लिहिलेली ती आज्ञावली सतरा आज्ञांची होती. यंत्राची स्मृती अवघ्या ३२ शब्दांची. आज्ञा आत घालायच्या त्या बटणे दाबून, शून्य आणि एक यांच्या रूपात, एकेक करून. एक बटण चुकले की पुन्हा तपासा. सतरा आज्ञांपुरते हे ठीक होते. सतराशे आज्ञा असत्या तर?

या प्रश्नाचे उत्तर पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये मिळाले, आणि मला वाटते, या साऱ्या इतिहासातले ते सर्वांत देखणे उत्तर आहे. मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली तिथे एडसॅक हे यंत्र तयार होत होते. त्याची स्मृती पाऱ्याने भरलेल्या नळ्यांची. वीज गेली की सारे पुसले जाई. डेव्हिड व्हीलर हा बावीस वर्षांचा विद्यार्थी तिथे काम करत होता. त्याने ३१ आज्ञांची एक छोटी आज्ञावली रचली. ती ठेवायची कुठे? तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते खटखट फिरणारे स्विच असत ना, त्यांच्या तारांच्या जोडणीत ती कायमची बांधून टाकली. सुरू करण्याचे बटण दाबले की त्या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत आणि पुढची, हवी तेवढी लांब आज्ञावली कागदी छिद्रपट्टीवरून वाचून घेत. एवढेच नव्हे, बेरजेसाठी एक अक्षर, वजाबाकीसाठी दुसरे, आणि आकडे आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत, असे माणसाने लिहिलेले यंत्राच्या शून्य-एकच्या भाषेत आणण्याचे कामही त्याच ३१ आज्ञा करत. दुभाषा आणि हमाल, दोघांची कामे एकट्याने. ६ मे १९४९ रोजी एडसॅकने वर्गसंख्यांचा तक्ता छापून दिला, तो अशा रीतीने.

नट आपल्या खांद्यावर चढला नव्हताच. कोणीतरी आधी एक लहान पायरी बांधून ठेवली होती. पुढे प्रत्येक पिढीने फक्त ती पायरी कुठे ठेवायची, हे बदलले. १९५२ साली जाहीर झालेल्या आयबीएम ७०१ या यंत्रावर 'लोड' असे बटण होते आणि शेजारी एक निवडीचा स्विच. कार्ड, चुंबकीय फीत की ड्रम, ज्यावरून सुरुवात करायची तिकडे स्विच वळवायचा. बटण दाबले की तिथला पहिलाच शब्द स्मृतीत येई आणि तो बाकीच्यांना ओढून आणी. आज संगणक सुरू होताना डिस्क, पेनड्राइव्ह की नेटवर्क, अशी जी यादी दिसते तिचा हा आजोबा.

या काळात आपणही अगदी मागे नव्हतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशात बांधलेला टिफरॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. २०४८ शब्दांची स्मृती, आणि आज्ञावली आत जायची ती छिद्रपट्टीवरूनच.

पायरी बांधायला विसरले तर काय होते, याचा एक किस्सा पॉल अॅलन यांनी पुढे स्वतःच सांगितला आहे. १९७५ साली अल्टेअर नावाचा घरगुती संगणक निघाला. त्यासाठी अॅलन आणि बिल गेट्स यांनी बेसिक ही भाषा लिहिली. प्रत्यक्ष अल्टेअर दोघांनीही पाहिला नव्हता. तो दाखवण्यासाठी अॅलन छिद्रपट्टी घेऊन विमानाने अल्बुकर्कीला निघाले. विमान उतरू लागले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की पट्टी वाचून आत घेणारी आज्ञावलीच आपण लिहिलेली नाही! विमान जमिनीला टेकेपर्यंत त्यांनी ती वहीवर खरडली, यंत्राच्या कारखान्यात खटके वरखाली करून हाताने आत घातली, आणि पट्टी फिरली. दोन अधिक दोन किती, असे विचारल्यावर यंत्राने चार असे उत्तर दिले. या दोघांनी त्याच वर्षी काढलेली कंपनी म्हणजे मायक्रोसॉफ्ट. त्या वहीचा कागद आठवला नसता तर, असा विचार करायला हरकत नाही. उत्तर मात्र कोणापाशीच नाही.

पुढे खटके गेले. वीज गेली तरी न पुसणाऱ्या चिपमध्ये पहिल्या आज्ञा कायमच्या कोरल्या जाऊ लागल्या. १९८१ च्या आयबीएम पीसीत त्या होत्या. त्या फ्लॉपीचा पहिला तुकडा, ५१२ बाइट्स, एका पोस्टकार्डावर मावेल इतका मजकूर, उचलत आणि त्याच्या हाती सूत्रे देत. 'तू कोण, कुठला?' असे विचारत नसत. जो पहिला बोलेल तो मालक. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू नेमका त्याच जागी जाऊन बसला. संगणकाला जाग येण्याआधीच तो जागा असे.

आतापर्यंत पायरी यंत्राजवळच होती. ती दूर नेण्याची कल्पना काटकसरीतून आली. १९८० च्या दशकात डिस्क महाग होत्या, म्हणून सन या कंपनीने डिस्क नसलेले संगणकही विकले. असा संगणक सुरू झाला की नेटवर्कवर हाक देई : 'मी अमुक कार्ड. माझा पत्ता काय? माझी आज्ञावली कोणाकडे आहे?' कुठलासा सर्व्हर उत्तर देई आणि फाइल पाठवून देई. ही हाक आणि तिचे उत्तर कसे असावे याचा 'बूटपी' नावाचा करार १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी लिहिला. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या कॉलेजांत आणि संगणक क्लासमध्ये नॉव्हेलच्या सर्व्हरला जोडलेले बिनडिस्कचे संगणक ज्यांनी वापरले, त्यांनी हाच प्रकार पाहिला आहे. सर्व्हर बसला की अख्खा वर्ग सुटायचा. विद्यार्थ्यांना त्याचे दुःख झालेले मी तरी पाहिले नाही.

त्या दशकाच्या शेवटी मी एका बँकेच्या संगणक विभागात होतो. शाखेतल्या सर्व टेबलांना माहिती पुरवणारा सर्व्हर नवाकोरा आला की त्याच्या डिस्क रिकाम्या असत. तो चालू करायचा तर पायरी बाहेरून आणावी लागे. ती सीडीच्या रूपात सर्व्हरसोबतच येई. कॉम्पॅकची 'स्मार्टस्टार्ट' त्यातली नावाजलेली. सीडीवरून संगणक सुरू करण्याचे तंत्र १९९५ मध्ये ठरले होते. सर्व्हर त्या सीडीवरून जागा होई, डिस्कची मांडणी करून घेई, विंडोज हवे की नॉव्हेल ते विचारी आणि मग मूळ प्रणालीची सीडी मागे. एकदा एका जिल्ह्याच्या शाखेत आम्ही रात्रीच्या एसटीने पोहोचलो, सीडी घातली, पण ती यंत्राला ओळखेना. पुरवठादाराने दुसऱ्याच मॉडेलची दिली होती. दिवसभर शाखेने खातेवहीत नोंदी केल्या. कारकुनांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती अजून आठवते. रात्रीच्या एसटीने मी सीडी आणायला परत निघालो.

या प्रवासावर तोडगा निघाला २००२ च्या सुमारास. सर्व्हरच्या आतच एक दुसरा, छोटा, स्वतंत्र संगणक बसवला जाऊ लागला. सर्व्हर बंद असला तरी प्लगमध्ये वीज असेपर्यंत हा जागा. त्याला 'लाइट्स आउट' असे नाव मिळाले : खोलीत दिवा नको, माणूस नको. पुण्यातल्या टेबलावर सीडी घालायची, आणि दूरच्या सर्व्हरला ती आपल्याच पोटात घातल्यासारखी दिसायची. युक्ती अफलातून, पण मध्ये तार होती. त्या काळच्या ६४ केबीपीएसच्या लीज लाइनवरून ६५० एमबीची सीडी पूर्ण ओढायची तर जवळजवळ चोवीस तास लागत. एसटी लवकर पोहोचायची! तारा रुंद झाल्यावर ही पद्धत रुळली. २०१२ मध्ये तर एचपीने ती तयारीची सीडीच मोडीत काढली. तिच्यातला सारा ऐवज सर्व्हरमधल्या चिपमध्येच भरून येऊ लागला.

पण पहिल्या पायरीसाठीची चढाओढ संपली नव्हती. विषाणू लवकर जागे होतात, म्हणून त्यांना पकडणारी सुरक्षा प्रणालीही तितक्याच लवकर जागी व्हायला हवी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या अशाच प्रणालीची एक सदोष फाइल जगभर गेली. संगणक सुरू होताना ती वाचली जाई, विंडोज कोसळे, संगणक पुन्हा सुरू होई, पुन्हा तीच फाइल. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक या फेऱ्यात सापडले. आपल्या विमानतळांवर इंडिगोने त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले.

दुरुस्ती सोपी होती : ती एक फाइल पुसायची. पण दुरून पुसणारी सारी साधने विंडोजच्या आत राहणारी, आणि विंडोज तर उठतच नव्हते. ज्या सर्व्हरमध्ये तो दुसरा छोटा संगणक होता, त्यांच्यापर्यंत अंधाऱ्या खोलीतही पोहोचता आले. काउंटरवरच्या साध्या संगणकात तो नव्हता. मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीचे साधन दिले ते आधी पेनड्राइव्हवरून सुरू होणारे, मग नेटवर्कवरून सुरू होणारेही. आपल्या क्लाउडमधल्या काही यंत्रांसाठी तर त्यांचा सल्ला होता, की पुन्हा पुन्हा बंद-चालू करून पाहा. कोणाला पंधरा वेळा करावे लागले. बाकी ठिकाणी माणसे पेनड्राइव्ह घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे गेली. डिस्क कुलूपबंद असली तर प्रत्येक यंत्रासाठी निराळी ४८ आकडी किल्ली हाताने घालावी लागे. आणि काही कचेऱ्यांत या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर ठेवली होती, तोही त्याच फाइलपाशी अडून बसला होता.