म्हाळ आणि मेघंकर

भाद्रपद वद्य अमावास्येस बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात दुपारपर्यंत फिरावे. उडदाच्या वड्यांचा वास, गवार आणि भोपळ्याच्या भाज्या, तांदळाची खीर, कढी, आणि पत्र्यावर ठेवलेल्या घासाकडे डोळे लावून कावळ्यास आळवणारी घरची वडीलधारी माणसे हे दृश्य थोड्याफार फरकाने सर्वत्र आढळते. शास्त्रात ज्यास महालय म्हणतात त्याचे लोकांच्या तोंडी म्हाळ झाले, आणि श्राद्ध या भारदस्त शब्दाऐवजी ‘पित्र’ एवढ्यावर काम भागू लागले. परंतु ज्या विधीचे हे अपभ्रष्ट नाव आहे, त्याची मुळे या मुलखाच्या कोणत्याही दप्तराहून जुनी आहेत.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम हा दंडधारी न्यायाधीश नसून मर्त्यांमध्ये प्रथम मेलेला, पुढे जाणाऱ्यांसाठी वाट शोधून ठेवणारा एक पूर्वज आहे, आणि पितरांना तेथे आसनावर येऊन बसण्याचे व हविर्भाग घेण्याचे आमंत्रण आहे. श्रौतकर्मात दर अमावास्येच्या अपराह्णी पिंडपितृयज्ञ होई. आणि वर्षा ऋतू सरल्यावर, कार्तिकी किंवा मार्गशीर्षी पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या साकमेध पर्वात महापितृयज्ञ हे एक स्वतंत्र अंग असे. पावसाळा उलटल्यावर पितरांस बोलावण्याची कल्पना म्हणजे वैदिक काळाइतकी जुनी. तिला भाद्रपदाचा कृष्णपक्ष आणि कन्याराशीतील सूर्य यांची नेमकी चौकट पुराणांनी व निबंधकारांनी पुढे बसविली. युरोपात मृतात्म्यांचा २ नोव्हेंबरचा दिवस दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लुनीच्या मठाधिपती ओडिलोने आपल्या मठांना घालून दिला असे सांगता येते. आपल्याकडे असा कोणाचाच हुकूम नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरचा संबंध येथेच येतो. मत्स्यपुराणाच्या बाविसाव्या अध्यायात श्राद्धास प्रशस्त अशा तीर्थांची एक लांबलचक यादी आहे. तिच्या आरंभी गया असणे स्वाभाविकच, परंतु तिच्यात मेघकर नावाचे एक तीर्थ येते, जेथे मेखलेवर शार्ङ्गधर विष्णू स्वतः वास करतो असे म्हटले आहे. हे मेघकर किंवा मेघंकर म्हणजे पैनगंगेकाठचे मेहकर, अशी परंपरा आहे. आजच्या नकाशात एक तालुक्याचे ठाणे एवढीच ज्याची ओळख, ते गाव पितृतीर्थांच्या मालिकेत गयेच्या पंक्तीस बसले होते, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांनी सांगावयास हवी होती. १८८८ साली याच गावात जमिनीखालून सुमारे अकरा फूट उंचीची, काळ्या पाषाणातील विष्णुमूर्ती सापडली, आणि तिला शार्ङ्गधर बालाजी हेच नाव मिळाले. पुराणातील मूर्ती ती हीच, असे ठासून म्हणण्याचा मोह मी आवरतो. गावाचे नाव आणि देवाचे नाव मात्र जोडीने पुन्हा एकत्र आले, यात शंका नाही.

मध्यंतरीच्या काळात या विधीस एक कर्तबगार दप्तरदार लाभला. महादेव (१२६०–१२७१) आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी श्रीकरणाधिप असलेल्या हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड निबंधग्रंथात श्राद्धाचा स्वतंत्र भाग लिहिला, आणि कोणी, केव्हा, कोणते अन्न, किती ब्राह्मण, यांची जमाबंदीच करून टाकली. लोकांनी मात्र त्याचे नाव लक्षात ठेवले ते चुन्याविना दगड रचून उभारलेल्या देवळांसाठी! याच जिल्ह्यातील लोणारचे दैत्यसूदन मंदिर हेमाडपंती म्हणून दाखविले जाते, आणि तेथील सरोवराच्या विवरात रामगया नावाचे एक देऊळ आहे; गयेस जाण्याची ऐपत नसलेल्या रयतेने गयाच आपल्या मुलखात आणून बसविली असे त्या नावावरून वाटल्यावाचून राहत नाही.

पुढे अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात मेहकर हे सरकार झाले, आणि अबुल फजलने ‘आइने अकबरी’त त्याचे महाल व वसूल नोंदविले. बादशाही कागदांतला अरबी महाल आणि घरातला म्हाळ, दोन्ही शब्द कानाला इतके जवळ असूनही त्यांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. पण ज्या शेतकऱ्याने पहिल्यापायी सारा भरला, त्यानेच दुसऱ्यापायी, नव्याने खळ्यावर आलेला उडीद वाटून वडे तळले.

हेमाद्रीच्या तपशिलांपैकी आज बहुतेक घरांत फारसे उरलेले नाही. नवमीला सवाष्ण गेलेल्यांचे, चतुर्दशीला शस्त्राने वा अपघाताने गेलेल्यांचे, एवढे जाणणाऱ्या आजीबाई अजून आहेत. परंतु जन्ममृत्यूची नोंद ठेवणारे सरकारी रजिस्टर येण्याआधी, साथीत किंवा दुष्काळात गेलेल्या कितीतरी माणसांची तिथी घरातही कोणाच्या ध्यानात राहिली नव्हती. त्या सर्वांचे पान अमावास्येला एकत्र मांडले जाते, ज्यांची नावे आठवत नाहीत त्यांच्यासाठीही एक घास वेगळा काढला जातो, आणि कावळा शिवेपर्यंत घरातले कोणी पानावर बसत नाही.