गोधडी : एक अलिखित स्मरण

बारामती-इंदापूरकडच्या पिंपळीसारख्या गावांत गोधडी ही सहसा एकटीने करायची वस्तू नव्हे. उन्हाळ्यात शेतीची कामे सरली की जुने सुती लुगडे अंथरायचे, त्यावर चिंध्यांचे थर लावायचे, वरून दुसरे लुगडे पसरायचे आणि शेजारणींनी चहूबाजूंनी बसून कडेकडून आत धावदोरा घालत जायचे, अशी तिची रीत.

त्या थरांत गेलेल्या सासूचे लुगडे असते, सासऱ्याचे धोतर असते, लेकराचे अंगडे असते. टाके घालता घालता 'हा काठ कोणाचा' अशी विचारणा होते आणि गेलेले माणूस घटकाभर त्या बैठकीत येऊन बसते. हे सामुदायिक स्मरणच आहे. आपण मात्र त्याची नोंद काटकसर म्हणून करतो.

येथे उत्तर अमेरिकेतील आदिवासी स्त्रियांची आठवण होते. युरोपीय व्यापाऱ्यांकडून आलेल्या रेशमी फिती कापडावर शिवून त्यांनी आपला 'रिबन स्कर्ट' घडवला. बेपत्ता झालेल्या आणि हत्या झालेल्या भगिनींच्या स्मरणार्थ आज त्या एकत्र बसून असे घागरे शिवतात. २०२० साली कॅनडात एका दहा वर्षांच्या मुलीचा हा पोशाख शाळेत अयोग्य ठरवला गेला. त्यावर मोठी प्रतिक्रिया उमटली आणि २०२३ पासून ४ जानेवारी हा तेथे राष्ट्रीय रिबन स्कर्ट दिन म्हणून पाळला जातो. त्या स्त्रियांनी आपल्या शिवणाला स्मरण म्हटले, म्हणून इतरांनाही ते तसे मानावे लागले.

आपल्या वाङ्मयेतिहासाने महदंबेच्या धवळ्यांपासून ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री-पुरुष तुलना'पर्यंत (१८८२) स्त्रीचा शब्द शोधला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. ओवी शब्दांत होती, म्हणून ती आपल्याला साहित्य म्हणून ओळखता आली. गोधडीवर मात्र ना साल असते, ना शिवणारीचे नाव. तिचा अर्थ शिवणाऱ्यांच्या बोलण्यातच राहतो.

ते बोलणे आता थोडेच उरले आहे. नऊवारी नेसणारी पिढी थकली. घरोघरी विकतची ब्लँकेटे आली. म्हणून मराठीच्या विद्यार्थ्यांनी येत्या सुट्टीत घरची गोधडी उलगडावी, आजीला एकेका तुकड्याविषयी विचारावे आणि ती सांगेल ते तिच्याच बोलीत लिहून घ्यावे. खाली तिचे नाव, गाव आणि तारीख घालायला विसरू नये.