हडपसरचा माळ आणि गोफणीचा गुंडा

पुण्याच्या पूर्वेस, सोलापूरच्या रस्त्याला लागून असलेले हडपसर आज कारखान्यांचे, उत्तुंग इमारतींचे आणि अहोरात्र वाहणाऱ्या रहदारीचे उपनगर झाले असले, तरी उत्तरेस मुळा-मुठेचे पात्र आणि दक्षिणेस दिवे घाटाचा चढ यांच्या दरम्यान पसरलेला हा सखल, मोकळा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीचा आणि भाजीपाल्याचा होता. आणि आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वरांची पालखी पुणे सोडून सासवडची वाट धरते, ती आजही याच गावावरून जाते. अशा गावाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लढाया, इनामे, कालवे आणि कारखाने यांची नोंद आपोआप होते. परंतु याच भूमीवर माणसाने वस्तू दूर फेकण्याची जी विद्या प्रथम हाताने, मग दांडूने, मग तोफेच्या दारूने आणि अखेरीस शास्त्राच्या साह्याने जोपासली, तिच्याकडे इतिहासकाराचे लक्ष सहसा जात नाही. या विद्येत आमचा हात कोणापेक्षाही उणा नव्हता. उणे होते ते हाताने साधलेले मोजून कागदावर उतरविण्याचे अगत्य, आणि त्या उणिवेची किंमत आम्ही याच माळावर एकदा मोजली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभ गोफणीपासून केला पाहिजे. हवेली तालुक्यातील इतर गावांप्रमाणे इथेही रब्बीची ज्वारी निसवली आणि कणसांत दाणा भरू लागला, की चिमण्या, राघू आणि विशेषेकरून भोरड्यांचे थवे शेतावर उतरत, आणि मग पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत मचाणावर उभे राहून पीक राखणे हे घरातील एखाद्या पोराचे वा म्हाताऱ्याचे काम होऊन बसे. त्याच्या हाती अंबाडीच्या किंवा तागाच्या वाखाची गोफण असे: दोन वळलेल्या दोऱ्या, त्यांच्या मध्यभागी विणलेली रुंद पट्टी, एका दोरीच्या टोकाशी बोटात अडकविण्याचा फासा आणि दुसरीचे टोक मोकळे. गोफणगुंडा पट्टीत ठेवावयाचा, फासा बोटात घालून मोकळे टोक त्याच हाताच्या चिमटीत धरावयाचे, डोक्यावरून गोफण गरगरा फिरवावयाची आणि नेमक्या क्षणी चिमूट सैल करावयाची. गुंडा सणसणत जाई आणि सुटलेल्या दोरीच्या टोकाचा जो फटकारा वाजे, त्यानेच निम्मे पाखरू उडून जाई.

हा नेमका क्षण किती नेमका असावा लागतो, याचा हिशेब कोणीही करून पाहावा. हात आणि दोरी मिळून वर्तुळाची त्रिज्या १ मीटर धरली आणि गोफण सेकंदास ४ फेरे घेते असे मानले, तर गुंड्याचा वेग सेकंदास सुमारे २५ मीटर होतो. चिमूट सुटताच गुंड्याचा वर्तुळाशी संबंध संपतो; त्या क्षणी स्पर्शरेषेची जी दिशा असेल, त्याच दिशेने तो निघतो. आता सेकंदास ४ फेरे म्हणजे १० अंशांचे वळण घेण्यास सेकंदाचा एकशे चव्वेचाळिसावा हिस्सा पुरतो. तेवढा उशीर झाला, तर साठ मीटरांवरच्या नेमापासून गुंडा दहा मीटर बाजूला पडतो, म्हणजे बांधापलीकडे शेजाऱ्याच्या शेतात. आठ-दहा वर्षांचे खेड्यातील पोर हा क्षण दिवसातून शेकडो वेळा साधत असे, आणि त्याला घड्याळही ठाऊक नव्हते.

सुटल्यानंतरची वाट मात्र पृथ्वी ठरविते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, फेकलेल्या वस्तूची आडवी गती आणि उभी गती या एकमेकींत ढवळाढवळ करीत नाहीत. आडवी गती कायम राहते, उभी गती पडणाऱ्या कोणत्याही दगडाप्रमाणे बदलत जाते, आणि दोहोंच्या मिलाफाने वस्तूची वाट अन्वस्ताकार होते. हवेचा विरोध वगळला तर ४५ अंशांनी सोडलेला तो २५ मीटर वेगाचा गुंडा सुमारे चौसष्ट मीटर जाईल, मध्यावर सोळा मीटर उंची गाठील आणि साडेतीन सेकंदांहून थोडा अधिक काळ हवेत राहील. पण राखणदार ४५ अंशांनी फेकीत नसे, आणि त्यात त्याचे शहाणपण होते. साडेतीन सेकंदांत थवा कणसे झोडून मोकळा झाला असता; शिवाय मचाणाची उंची त्याला आयती मिळालेली असल्याने, जमिनीलगतच्या नेमासाठी त्याला गुंडा उंच चढविण्याची गरजच नव्हती. तो सपाट आणि वेगाने मारी. शाळेतल्या पुस्तकातील ४५ अंश हे सपाट जमिनीचे, निर्वात आकाशाचे आणि केवळ अंतराची हाव धरणाऱ्याचे उत्तर आहे. काम निराळे असले की उत्तरही निराळे होते.

आता तोफेकडे वळू. हडपसरहून दिवे घाट चढून सासवडच्या अंगाला गेले, की सोनोरीजवळ मल्हारगड लागतो. पेशव्यांच्या तोफखान्याचा कारभार ज्या पानसे घराण्याकडे होता, त्याने १७५७ ते १७६० च्या सुमारास हा गड बांधला; मराठ्यांनी बांधलेल्या किल्ल्यांत तो बहुतेक अखेरचा. तोफा, गोळे, दारू, गाडे, बैल आणि गोलंदाज या सर्वांचा जमाखर्च ठेवणारे हे सरदार आपल्या कामात वाकबगार होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच शतकात, १७४२ साली, इंग्लंडात बेंजामिन रॉबिन्स याने टांगलेल्या जड दोलकावर गोळी झाडून तिचा वेग मोजण्याची युक्ती प्रसिद्ध केली आणि तोफशास्त्राचा पायाच बदलून टाकला. त्याने दाखविले की, वेगवान गोळ्यापुढे हवा ही नगण्य वस्तू नसून प्रबळ प्रतिपक्षी आहे. सेकंदास ४५० मीटर वेगाने निघालेला लोखंडी गोळा निर्वातात वीस किलोमीटर गेला असता; प्रत्यक्षात त्याला त्याचा पाचवा-सहावा हिस्साही कष्टानेच गाठता येई. गॅलिलिओचे अन्वस्त गोफणगुंड्याला जवळजवळ लागू पडते, तोफगोळ्याला नाही. मंद वस्तू आणि वेगवान वस्तू यांतील हा भेद ज्याने मोजला, त्याच्या पलटणीला पल्ल्याची कोष्टके मिळाली. अशा प्रकारचा, गोळ्याच्या वाटेचा विचार आकड्यांत मांडणारा त्या काळचा मराठी ग्रंथ माझ्या वाचनात आलेला नाही.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी याच हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकर एका बाजूस आणि दौलतराव शिंदे व दुसरे बाजीराव यांची फौज दुसऱ्या बाजूस अशी लढाई झाली. प्रारंभी दीर्घकाळ तोफांची सरबत्ती चालली. दोहोंकडे युरोपीय पद्धतीने शिकविलेल्या कवायती पलटणी होत्या आणि दोहोंकडे त्यांचे अंमलदार परदेशीय होते, ही गोष्ट मला निकालापेक्षाही अधिक बोलकी वाटते: माणसे आमची, दारू आमची, रक्त आमचे, आणि नेम धरण्याची विद्या मात्र पगारी. निकाल तोफांनी लावला नाहीच. यशवंतराव स्वतः घोडदळ घेऊन शिंद्यांच्या तोफांवर तुटून पडले आणि तोफा काबीज झाल्या. बाजीराव रणाकडे निघाले होते, पण गोळीबाराच्या आवाजाने विचलित होऊन मागे वळले, असे इतिहासकार ग्रँट डफ नमूद करतो. पुढे सिंहगड, महाड, सुवर्णदुर्ग असा पळ काढीत ते वसईस पोहोचले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी वसईचा तह करून मराठी राज्याचे स्वातंत्र्य त्यांनी गहाण टाकले.

इंग्रजी अमलात पुण्याला गणित आले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत सिद्ध केली, आणि टिळकांसारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली गणित शिकले. ग्रहांच्या वाटा मराठीत आकड्यांनी मांडल्या गेल्या, याचा अभिमान बाळगावा तितका थोडा. पण आमच्याच पोरांनी उडविलेल्या विटीच्या वाटेकडे कोणा गणितज्ञाने पाहिले नाही, याची खंत वाटते. कारण विटी ही गोफणगुंड्याहून कितीतरी अवघड वस्तू आहे. दोन्ही टोकांना निमुळती, वीतभर लांबीची ती लाकडी विटी दांडूने टोकावर टिपली, की ती उसळताना गिरक्या घेते आणि त्या गिरकीतच तिला दुसरा टोला मारावा लागतो. टोला मध्यावर बसला तर ती लांब जाते, टोकाशी बसला तर बरीचशी शक्ती गिरकीत खर्ची पडते. वजनाने हलकी आणि गिरक्या घेणारी असल्याने हवा तिला अधिक रोखते, म्हणून ती चढते तिरकी आणि उतरते जवळजवळ सरळ खाली. गलीपासून वकट, लेंड, मुंड, नाल असे डाव मोजणाऱ्या पोरांना हे ठाऊक असे. म्हणूनच झेल घेणारा गडी विटी चढत असता वाजवीपेक्षा पुढे धावून उभा राही. धावणारा माणूस झेल कसा साधतो, याचे मर्मही शास्त्राने फार उशिरा पाहिले: १९६८ साली सेव्हिल चॅपमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने असे सुचविले की, तो पडण्याची जागा हिशेबाने काढीत नाही, नजरेला चेंडू एकसारख्या गतीने वर चढताना दिसेल अशा बेताने तो आपले पाय पुढे वा मागे नेत राहतो, आणि त्याच जागी चेंडू येतो.

माणूस स्वतःही फेकला जातोच. पुण्याच्या जिमखान्याने १९१४ साली खो-खोच्या नियमांना हात घातला आणि त्या खेळाला शिस्त आली. त्यातील सूर पाहावा. धावत्या खेळाडूचा वेग सेकंदास ६ मीटर आणि शरीराचा गुरुत्वमध्य जमिनीपासून दोन हात, म्हणजे ९० सेंटिमीटर उंच असेल, तर आडवे झेपावल्यावर जमिनीला टेकेपर्यंत त्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. तेवढ्यात तो अडीच मीटर पुढे जातो. पाय सुटल्यानंतर त्या गुरुत्वमध्याची वाट कोणत्याही धडपडीने बदलत नाही. बदलता येते ते फक्त शरीराचे मांडणे, हाताचे लांबविणे. म्हणून कसलेला खेळाडू आपला निर्णय जमिनीवर असतानाच घेतो.

हडपसरला लागूनच असलेल्या घोरपडी-मुंढवा भागात लष्कराची क्रीडासंस्था २००१ साली निघाली, आणि हात व हिशेब यांची जी ताटातूट आपण आतापर्यंत पाहिली, ती तिथे मिटलेली दिसते. मराठी सैन्यात भाल्याबरोबरच विटा नावाचे फेकायचे शस्त्र होते, त्याला दोरी बांधलेली असे आणि मारून झाल्यावर ते ओढून घेता येई. मर्दानी खेळांत ते अजून पाहावयास मिळते. आजच्या मैदानी भाल्याला दोरी नाही, पण पुरुषांसाठी त्याचे वजन ८०० ग्रॅम ठरलेले आहे, आणि त्याचा गुरुत्वमध्य कोठे असावा हेही. १९८४ साली पूर्व जर्मनीच्या उवे होनने १०४.८० मीटर भाला फेकला आणि मैदानच अपुरे पडू लागले, तेव्हा १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकविण्यात आला, जेणेकरून त्याचे टोक लवकर खाली झुकावे. पानिपत जिल्ह्यातील खंडरा गावचा नीरज चोप्रा हा सैन्यातला. त्याने ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकिओत ८७.५८ मीटर फेक करून सुवर्णपदक मिळविले, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस या पुण्याच्या संस्थेतील मैदानाला त्याचे नाव देण्यात आले. पुढे मे २०२५ मध्ये दोहा येथे त्याने ९०.२३ मीटरांची मजल मारली.

भाला सोडण्याचा वेग सेकंदास ३० मीटर धरला, तर ४५ अंशांऐवजी ३५ अंशांनी फेकल्यास निर्वातातील पल्ला सहा मीटरही कमी होत नाही. उलट वेगात एका मीटरची भर पडली, तर ३५ अंशांवरही तो सहा मीटर वाढतो. आणि मनुष्यदेहाची रचनाच अशी, की हात जितका उंच रोखावा तितका वेग घटतो. म्हणून उत्तम भालाफेक्या कोन खाली ठेवून वेगाची जोपासना करतो: धावेचा वेग पुढच्या पायावर खिळवून तो कमरेत, कमरेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात आणि मनगटात उतरवितो, आणि प्रत्येक सांध्यापाशी तो वाढत जातो. गोफणीची दोरी हेच काम एका लांबीत करीत असे. मचाणावरच्या पोराने कोन का खाली ठेवला, याचे अर्धे उत्तर इथे मिळते.

हडपसरमधील मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी आपली जमीन एकत्र करून तिथे शहर वसविले, मांजरी आणि फुरसुंगीची शेतेही झपाट्याने कमी होत आहेत, आणि मचाणावर उभे राहून गोफण फिरविलेली माणसे आता थोडीच उरली असतील. या भागातील शाळांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, अशी माणसे आपल्या गावात शोधून काढावी, त्यांना एका सुटीच्या दिवशी मुलांसह मोकळ्या मैदानावर न्यावे, पल्ला फितीने मोजावा आणि फेक साध्या मोबाइल फोनवर सेकंदास २४० चित्रे घेऊन टिपावी. सेकंदाचा तो एकशे चव्वेचाळिसावा हिस्सा त्यात खास दिसेल. विटीचेही तसेच करावे. मिळालेले आकडे मुलांकडून मराठीत वहीत उतरवून घ्यावे, खाली त्या माणसाचे नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि ती वही शाळेच्या दफ्तरात जपून ठेवावी.