शहरी वाहतुकीचे संगणकीय प्रतिमान

शहरी वाहतुकीचे संगणकीय प्रतिमान : रस्त्यांच्या जाळ्यातील वाहनांची हालचाल गणिती नियमांत मांडून ती संगणकावर घडवून पाहण्याची पद्धत. स्थूल प्रतिमानात सुटी वाहने नसतात. प्रवाह, घनता आणि सरासरी वेग एवढेच धरले जाते. त्याची पायाभरणी लाइटहिल व व्हिटम यांनी १९५५ मध्ये आणि स्वतंत्रपणे रिचर्ड्स यांनी १९५६ मध्ये केली. सूक्ष्म प्रतिमानात प्रत्येक वाहन वेगळे असते. नागेल व श्रेकेनबेर्ग यांच्या १९९२ च्या प्रतिमानात रस्ता ७.५ मीटर लांबीच्या घरांत विभागलेला असतो. दर सेकंदाला गाडी पुढची मोकळी जागा पाहून वेग ठरवते आणि अधूनमधून निष्कारण मंदावते. या निष्कारण मंदावण्यामुळेच अपघात किंवा अरुंद पूल नसतानाही कोंडी उद्भवते. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी चालवल्या, तेव्हा खरोखरच अशी कोंडी झाली आणि तिची लाट मागे मागे सरकत गेली.

मात्र हे सारे यश गाड्या आपापल्या लेनमध्ये एकामागे एक चालतात या गृहीतकावर उभे आहे, आणि पुण्यासारख्या दुचाकीबहुल शहरात ते टिकत नाही. सिग्नल लाल होताच दुचाक्या मोटारींमधल्या फटींतून पुढे येतात आणि हिरवा लागताच सर्वांत आधी सुटतात. रस्त्याची लांबी नव्हे, तर रुंदी कशी वापरली जाते यावर तिथला प्रवाह ठरतो. यावर असे म्हटले जाते, की प्रत्येक वाहनाचे मोटारींच्या हिशेबात रूपांतर केले म्हणजे झाले. पण शहरी रस्त्यांसाठीच्या ‘आयआरसी १०६-१९९०’ या भारतीय मानकातच दुचाकीला दोन मूल्ये आहेत : वाहतुकीतला तिचा वाटा ५ टक्के असताना ०.५, आणि १० टक्के किंवा अधिक असताना ०.७५. जे मूल्य सोबतच्या गर्दीनुसार बदलते, ते एका आकड्यात कायमचे बांधता येत नाही. म्हणून आडवी सरक आणि वाहनांमधले बाजूचे अंतर मोजणारी प्रतिमानेच इथे वापरली पाहिजेत.

अशा प्रतिमानात घटक इतके वाढतात, की ते हवे तसे जुळवता येतात, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. एका दिवसाच्या मोजणीवर घटक ठरवावेत आणि पारख वेगळ्या दिवसाच्या, शक्यतो वेगळ्या चौकाच्या मोजणीवर करावी. जुळणी फसली, तर आकडे न फिरवता नियम तपासावेत. शिवाय नवा रस्ता झाल्यावर लोक मार्ग बदलतात. वाढीव रस्त्यामुळे सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, हे ब्रेस यांनी १९६८ मध्ये गणिताने दाखवले आहे. तेव्हा उड्डाणपुलाच्या प्रस्तावासोबत वाचलेल्या मिनिटांचा आकडा छापताना मोजणी कुठल्या दिवसाची होती, दुचाक्यांचा वाटा किती धरला आणि मार्गबदल हिशेबात घेतला का, हेही छापले गेले पाहिजे.